आमिषाच्या डब्याला लागलेला साबण

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. झाकणाची बिजागरी तुटली, तळाला गंज चढला आणि खरं सांगायचं तर आता बोलायचाही कंटाळा येतो. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय भंगारात जाववत नाही.

जन्माने मी बिस्किटांचा. बिस्किटं संपली आणि मी केस कापणाऱ्या एका माणसाच्या हाती लागलो. चौकात त्याचं दोन खुर्च्यांचं सलून होतं. आठवडाभर त्याची कात्री आणि तोंड सारख्याच वेगाने चालायचं. सुट्टीच्या दिवशी मात्र तो गळ घेऊन पाण्याकाठी मुकाट बसायचा. त्याने माझ्या पोटात पट्टी घालून दोन कप्पे केले. एकात ओल्या मातीतली गांडुळं, दुसऱ्यात मळलेल्या पिठाच्या गोळ्या. गांडुळं अंगावर वळवळतात तेव्हा कसं वाटतं, ते विचारूच नका.

कुठे कोणतं आमिष लावायचं, हे त्याला तोंडपाठ होतं. कालव्याच्या वाहत्या पाण्यात गांडूळ, कारण तिथे पीठ विरघळून जातं. तळ्याच्या संथ पाण्यात पिठाची गोळी. जुन्या दगडखाणीत साठलेल्या पाण्यातले मासे तर इतके चोखंदळ, की त्यांच्यासाठी टोळ पकडून न्यावे लागत. "आपल्या आवडीचं आपण घरी खावं," तो लेकीला सांगायचा, "तिथे माशांची आवड बघायची."

त्याची आणखी एक सवय होती. मला उघडण्याआधी तो काठावरचा चिखल हातांना कोपरापर्यंत चोळायचा. घरी आला की बायको मळक्या बाह्या बघून करवादायची, "पाण्यावर जाऊन माणसं स्वच्छ होतात, आमचे हे बरबटून येतात." तो नुसता हसायचा. चिखल कशाला, हे ना त्याने कधी सांगितलं, ना कुणी विचारलं.

मग त्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली, सलून बंद झालं. मी माळ्यावर पडलो. तीन वर्षं माझ्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. मला राग नाही आला, फक्त गंज आला. खाली तो भिंतीकडे तोंड करून पडायचा आणि पुढे आलेलं ताट परत पाठवायचा. डॉक्टर म्हणाले, "औषधं चालू आहेत, पण आता त्यांच्या मनानेच घेतलं पाहिजे."

शेवटी लेकीने मला खाली काढलं. पोरीला गांडुळांची किळस, तरी तिने मला सुगंधी साबणाने तीनदा घासलं आणि उन्हात वाळवलं. "बाबा, बघा कसा चकचकीत झालाय." त्याने तोंड उघडलं, "न... न..." एवढंच निघालं. तिला वाटलं, बाबांना आनंद झाला. मीही येडा, ऐटीत चमकत बसलो.

तळ्यावर तिने त्याची चाकांची खुर्ची काठाशी लावली. संथ पाणी, पिठाची गोळी, सगळं वडिलांनी सांगितलं होतं तसं. पण दोन तास गेले तरी गळाच्या दोरीवरचं तरंगतं बूच हललं नाही. पलीकडचे लोक मासे काढत होते. तिचा चेहरा पडला. "चुकलं माझं, बाबा. उगाच आणलं तुम्हाला." ती मला मिटायला वाकली.

तेवढ्यात तो खुर्चीतून इतका झुकला, की आता पडतो असं मला वाटलं. डाव्या हाताने त्याने मूठभर चिखल उचलला आणि माझ्या पोटात थापला. ती घाबरली, बाबा चिडले की काय. मग त्याने तिचा हात ओढून आधी तिच्याच नाकाशी नेला आणि त्यावर कोपरापर्यंत चिखल फासला.

"साबण?" ती म्हणाली. "वास येतो त्यांना?"

त्याने होकारार्थी मान हलवली.

आयुष्यभर दाढीच्या साबणात बुडालेले हात तो चिखलाने का माखायचा, ते तिला त्या क्षणी कळलं. मलाही तेव्हाच कळलं. माझ्यातल्या साबणाच्या वासाच्या गोळ्या टाकून तिने स्वतःसाठी आणलेला पाव त्याच हातांनी कुस्करला, त्याची गोळी केली आणि गळाला लावली. थोड्या वेळाने बूच बुडालं. बोटभर लांबीचा मासा वर आला.

त्याने तो निरखून पाहिला. ओठ बराच वेळ धडपडले.

"छो... टा," तो म्हणाला.

तीन वर्षांतला त्याचा पहिला शब्द, आणि तोही तक्रारीचा. लेक चिखलाच्या हातांनी डोळे पुसत हसत होती. त्या रात्री म्हणे त्याने ताट परत पाठवलं नाही.

आता दर सुट्टीला मला पाण्यावर जावं लागतं. वळवळ पुन्हा सुरू झालीय, हाडं कुरकुरतात. तरी मित्रांनो, एक विनंती आहे. जुन्या वस्तूंची काळजी जरूर घ्या, पण घासायला घेण्याआधी ती वस्तू ज्याची आहे त्याला विचारा. त्याला बोलता येत नसेल, तर त्याचे हात काय सांगतात तेवढं बघा.