मामांच्या बासष्ट गोळ्या

मामांच्या गोळ्यांत भाच्याचा फायदा सरळ होता. मामांना हृदयासाठी ज्या महागड्या गोळ्या चालू होत्या, त्याच भाच्याच्या सासऱ्यांनाही चालू होत्या. मामा गेले, गोळ्या उरल्या. मामींनी फोनवर सांगितलं की डब्यावर मामांच्या हातची चिठ्ठी आहे, ‘गोळ्या भाच्याला द्याव्यात’, आणि मोजल्या तर बासष्ट भरल्या. म्हणजे सासऱ्यांचे दोन महिने सुटले. शिवाय ‘आमची औषधं जावईच बघतात’ हे सासूबाई चार घरी सांगणार, ते वरकड. औषधांच्या दुकानात अकरा वर्षं नोकरी केलेल्या माणसालाच मामांनी निवडावं, यात भाच्याला नवल वाटलं नाही. मुदत तेवढी बघून घ्यायची, असं त्याने मनाशी ठरवलं आणि रविवारी सकाळीच निघाला.

घाई दुसऱ्याही कारणाने होती. त्याला स्वतःचं दुकान काढायचं होतं. जागा ठरली होती, कपाटं सांगून झाली होती. फक्त पोलिसांचा चांगल्या वर्तणुकीचा दाखला यायचा होता. तो या आठवड्यात आला की परवाना हातात. एका माणसाच्या उभ्या आयुष्याचं गाडं एका शिक्क्यापाशी अडलं होतं.

मामींनी त्याला बसवलं, पाणी दिलं, मुलांची चौकशी केली. इतक्या दिवसांत कसा फिरकला नाहीस, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं नाही हे त्याला कळेल इतपत गप्प मात्र राहिल्या. मामा सैन्यातून निवृत्त होऊन पंचवीस वर्षं झाली होती, पण खोलीतली चादर अजून पट्टी लावून दुमडल्यासारखी होती. मामींनी कपाटाच्या खालच्या कप्प्याकडे बोट दाखवलं. भाच्याने डबा एका हाताने उचलायला घेतला आणि दुसरा हातही लावावा लागला.

झाकण उघडलं. आत जुन्या मोज्यांत बांधलेली काडतुसं होती. पितळ काळवंडलेलं.

भाच्याने एक मोजा बोटांनी चाचपून पाहिला. मग म्हणाला, “मामी, तुम्ही गोळ्या म्हणालात.”

“मग हे काय, बत्तासे आहेत?” मामी म्हणाल्या. “काडतुसं म्हटलं असतं तर आला असतास?”

भाच्याने डबा जागच्या जागी ठेवला आणि दाखल्याची अडचण सांगितली. चिठ्ठीत आपलाच उल्लेख आहे, आपल्या नावाने बासष्ट काडतुसं निघाली तर दुकान झालंच म्हणून समजा. त्यापेक्षा कुठेतरी कचऱ्यात टाकून मोकळं व्हावं. मामींनी खिडकी दाखवली. खाली कोपऱ्यावर झाडूवाला पालापाचोळ्याला काडी लावून विडी ओढत उभा होता. रोज सगळा कचरा तो तिथेच जाळतो, म्हणाल्या, आणि माणूस चांगला आहे. चिठ्ठी फाडायचं भाच्याच्या मनात आलं होतं, पण मामी ती डब्यावरून काढून तिच्यावरच हात ठेवून बसल्या होत्या.

शेवटी डबा तिथेच ठेवून दोघं पोलीस ठाण्यात गेली. भाच्याच्या जिभेला अकरा वर्षांची सवय. तो दारावरच्या शिपायाला म्हणाला की मामा वारले, त्यांच्या उरलेल्या गोळ्या जमा करायच्या आहेत. शिपायाने न बघता समोरच्या दवाखान्याकडे हात केला. मामींनी “बंदुकीच्या हो” एवढं म्हटल्यावर मात्र खुर्च्या मिळाल्या.

साहेब शांत होते. दोन माणसं पाठवून त्यांनी डबा आणवला आणि जुनी नोंदवही काढली. मामांनी बंदूक अठरा वर्षांपूर्वी रीतसर जमा केली होती. काडतुसांच्या रकान्यात लिहिलं होतं ‘शिल्लक नाही’, आणि खाली मामांची ठसठशीत सही. मामींनी चष्मा लावून सही पाहिली, मग वही हळूच पुढे सरकवली. ‘आमच्याकडे खोटं चालत नाही’ हे वाक्य त्यांनी सगळ्या नात्यागोत्यात मामांच्या वतीने चाळीस वर्षं सांगितलं होतं. त्या दिवशी सांगितलं नाही.

साहेबांनी चिठ्ठी वाचली आणि भाच्याकडे पाहिलं. मेलेल्या माणसावर कारवाई नाही, म्हणाले. पण ते गेल्यावर हा माल जाणूनबुजून कुणी ठेवला, ते लिहावं लागेल.

“मी ठेवला,” मामी म्हणाल्या. “मला माहीत होतं, याला नव्हतं. माहीत कुठून असणार? हे गेल्यापासून हा आज पहिल्यांदा घरात येतोय. शेजाऱ्यांना विचारा, तेही हेच सांगतील.”

साहेबांनी तसं लिहून घेतलं. भाच्याच्या जबाबात वाक्य आलं: ‘मामांच्या निधनानंतर चार महिने मी मामींच्या घरी गेलो नाही.’ त्याने सहीसाठी पेन उचललं, तेवढ्यात मामींनी कागद ओढून वाचला.

“पाच महिने,” त्या म्हणाल्या. “बरोबर लिहा, उगाच खोटं नको.”

साहेबांनी चार खोडून पाच केले आणि खोडलं तिथेही भाच्याची सही घेतली.

दाखला बुधवारी आला. हिशेब असा झाला की मामांना काहीच द्यावं लागलं नाही. भाच्याने दोन सह्या दिल्या. त्यातली दुसरी करताना त्याची मान वर झाली नाही. मामींना लेखी ताकीद मिळाली, आणखी दोन खेपा घालाव्या लागल्या, आणि त्या दोन्ही खेपांना त्या एकट्याच गेल्या.