शब्दखाऊची माती

मी शब्दखाऊ बोलतोय. बोटभर उंचीचा, राखाडी मातीचा राक्षस. रविवारी जेवणाच्या टेबलावर जादूगार आणि योद्ध्यांचा खेळ मांडला जायचा, त्यात खेळाडूंनी मारावं म्हणून दादाने मला घडवलं.

खेळ दादा चालवायचा आणि राक्षसही तोच बनवायचा. "विकतच्या राक्षसाला कोण घाबरतं? भीती ज्याच्या त्याच्या मापाची शिवावी लागते," असं तो मित्रांना ऐकवायचा.

त्या रविवारी त्याची धाकटी बहीण पहिल्यांदाच खेळायला बसणार होती. केव्हापासून मागे लागली होती बिचारी! ती बोलताना अडखळते, चारचौघांत तोंड उघडत नाही. इथे मात्र तिला जादूगार होऊन मोठ्याने मंत्र म्हणायचा होता.

दादाने मला डोळे दिलेच नाहीत. नुसतं तोंड दिलं, दातांनी भरलेलं. नियम असा केला, की मंत्र एका दमात म्हटला तर मी मरणार आणि अडखळलं की मी पटावर एक घर पुढे; तिच्यापर्यंत पोचलो की ती मेली.

"अ-अग्नी..." मी सरकलो. "अ-अ-अ..."

"गाडी स्टार्ट होईना वाटतं! धक्का देऊ का?" एक मित्र म्हणाला. सगळे खिदळले. दादाही. खरं सांगतो, मलाही मजा आली. खाण्यासाठीच तर जन्म होता माझा.

"मेलीस!" दादा म्हणाला. "तोंड काय पाडतेस? खेळ आहे हा."

या टेबलाची एक रीत होती. जो मरेल त्याने तीच माती मळून पुढचा राक्षस करायचा. म्हणून माती कधी भाजत नसत.

मला वाटलं, ती माझा चेंदामेंदा करेल. तिने मला हळुवार मळलं. दात गेले. एक माणूस झाला, आडवा पडलेला, तोंड उघडं, एक हात वर. मग रीत मोडून तिने मला ओव्हनमध्ये भाजलं.

पुढच्या रविवारी मित्राने विचारलं, "हा काय करतो गं?"

"ह-हाक मारतो. बस."

"मग आपण काय करायचं?"

"ते दा-दादाला विचार."

दादा पांढराफटक पडला. बाबा बाथरूममध्ये पडले होते, तेव्हाच्या हाका त्याने ऐकल्या होत्या. हातातला राक्षस पुरा होईपर्यंत तो उठला नव्हता. उठला तेव्हा उशीर झाला होता. हे त्याने फक्त तिला सांगितलं होतं, तिच्या मांडीवर डोकं ठेवून.

"अरे, सांग ना! काय करायचं?"

दादाच्या तोंडून शब्द फुटेना. तिने शांतपणे बोट लावलं आणि मला एक घर पुढे सरकवलं.

खेळ तेव्हाच मोडला. आता मी कपाटावर पडून असतो. खाली दोघं समोरासमोर बसून जेवतात आणि मीठसुद्धा मागत नाहीत.

तुम्ही खुशाल राक्षस घडवा. शिंगं द्या, शेपट्या द्या. पण कुणी विश्वासाने हवाली केलेली भीती मातीत कालवू नका. भाजलेली माती पुन्हा मऊ होत नाही. खाली कडक फरशी आहे. कधी या घरी आलात, तर जाता जाता मला एक कोपर लावा.