थॉर्नरिगची दोन मिनिटं

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, गार्ड-ड्रायव्हरांच्या खोलीत बेकन-पाव खाता खाता मला दोन मिनिटं सापडली.

रेल्वे वाहतुकीच्या व्यवस्थापनाच्या पदवीचं माझं ते शेवटचं वर्ष होतं. विद्यापीठ स्कॉटलंडात, मी यॉर्कशरमध्ये. अभ्यास व्हायचा तो एक गाडी पोचली आणि दुसरी सुटायची आहे अशा मधल्या वेळात. दर मंगळवारी संध्याकाळी लॅपटॉपच्या पडद्यावर डॉ. लेनक्सबाई यायच्या आणि पाठवलेल्या पानांवरचे लाल शेरे वाचून दाखवायच्या. प्रबंधासाठी एखादा मार्ग निवडून त्याच्या वेळापत्रकात सुधारणा सुचवायची होती. मी माझाच निवडला. गार्सबी ते कर्कहोम, एकेरी रूळ, एकतीस मैल. त्यावर मी अकरा वर्षं गार्ड आहे. त्याआधी मी गार्सबीच्या वाचनालयात होते. ते बंद झालं तेव्हा बाबा म्हणाले होते, "पुस्तकं कधी वेळेवर परत आली नाहीत, हेस. गाड्या तरी येतील."

संगणकाला हात लावण्याआधी आलेख हातानेच काढायचा, हा लेनक्सबाईंचा हट्ट. उभ्या बाजूला स्टेशनं, आडव्या बाजूला वेळ, आणि प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरपी रेघ. दिवसाच्या सतरा गाड्यांच्या सतरा रेघा मी पट्टी लावून मारल्या. सोळा रेघा सरळ गेल्या. सतरावी, म्हणजे सकाळची सहा अठ्ठावन्न, गार्सबी आणि एलरबीच्या मध्ये वाकली होती. तेवढंच अंतर तोडायला तिला दोन मिनिटं जास्त लागत होती.

हातातला पाव मी खाली ठेवला.

"ट्रेव्हर, सहा अठ्ठावन्न घेऊन जातोस तेव्हा एलरबीच्या आधी रेंगाळतोस का रे?"

ट्रेव्हर स्केफ हा आमचा सर्वांत जुना ड्रायव्हर. तोंडासमोरचा पेपर खाली न करता तो म्हणाला, "रेंगाळणार नाही तर काय करणार, प्रोफेसरबाई? एलरबी सात बावीसच्या आधी सोडायची नाही, असं वेळापत्रक सांगतं. मग फलाटावर जाऊन बसण्यापेक्षा थॉर्नरिगपाशी हळू घेतो. सगळेच घेतात."

"पण का दिलीत ती दोन मिनिटं?"

"मला काय विचारतेस? पदवी कोण घेतंय?"

तो पेपर वाचत राहिला आणि मी आलेखाच्या कडेला आकडे मांडायला लागले. सहा अठ्ठावन्न कर्कहोमला पोचते सात अडतीसला. लीड्सची गाडी पलीकडच्या फलाटावरून सुटते सात एक्केचाळीसला. मध्ये जिना. गाडी बदलायला पाच मिनिटं हवीत असा नियम आहे, आणि मिळतात तीन. म्हणून कागदावर ही जोडगाडीच नाही. तिकिटाच्या यंत्रात ती दिसत नाही, लीड्सची गाडी कुणासाठी थांबत नाही, आणि पुढची तासाभराने असते. बर्निस कोल लीड्सच्या एका रुग्णालयात स्वयंपाकीण आहे, वय अठ्ठावन्न. ती रोज एलरबीला चढते, चांगले बूट पिशवीत घालते आणि कॅनव्हासच्या बुटांत दाराशी शर्यतीला उभी राहते. आठवड्यातून दोनदा तरी ती हरते. "तुझ्या त्या कंपनीला सांग," ती मला ऐकवते, "माझे गुडघे त्यांच्या खर्चाने बदलून द्या."

ही दोन मिनिटं काढली तर गाडी सात छत्तीसला पोचेल. बरोबर पाच मिनिटं मिळतील!

डिसेंबरच्या वेळापत्रकात बदल सुचवायची मुदत सात मार्चला संपत होती. आमच्या कंपनीच्या नियोजन खात्यातला एक जण विद्यापीठाच्या परीक्षकांतही होता. त्याने साफ सांगितलं, सात तारखेपर्यंत पुराव्यासकट आणा, मी पुढे सरकवतो. नाहीतर पुढच्या वर्षी.

कारणाचा मला अजिबात प्रश्न पडला नाही. गार्सबी आणि एलरबीच्या मध्ये एकच गोष्ट आहे, थॉर्नरिगचं फाटक. तिथे स्टेशन नाही. एक रस्ता, फाटक, सिग्नलची केबिन आणि केबिनमागे घर. त्या केबिनमध्ये माझ्या बाबांनी, विल्फ एअरींनी, चौतीस वर्षं नोकरी केली. जहाजाच्या सुकाणूएवढं चाक हातांनी फिरवून ते फाटकाची दारं रस्त्यावर ओढायचे. चार वर्षांपूर्वी केबिन बंद झाली. आता दांडे आपोआप खाली येतात. बाबा नोव्हेंबरमध्ये गेले.

हातांनी ओढायचं फाटक, म्हणून दोन मिनिटं जास्त. फाटक बदललं, मिनिटं काढायची राहून गेली. दोन सुट्ट्यांत मी सहा पानं लिहून काढली आणि फार खूश झाले.

"छान लिहिलंय," मंगळवारी लेनक्सबाई म्हणाल्या. "पण हेस्टर, ते फाटक दिवसातून किती वेळा बंद व्हायचं?"

"सतरा वेळा. प्रत्येक गाडीला."

"मग दोन मिनिटं एकाच गाडीला का?"

इतकी साधी गोष्ट. दुसऱ्या कुणाचं फाटक असतं तर मला पहिल्या पानावरच दिसली असती.

"ती मिनिटं कुणी आणि का घातली ते कळल्याशिवाय काढता येणार नाहीत," त्या म्हणाल्या. "रुळाखालची जमीन खचत असेल. काहीही असेल. शोधा."

वेळापत्रकाच्या कार्यालयाला लिहिलं. दोन ओळींचं उत्तर आलं: कागद संगणकावर चढवले तेव्हापासून ही तरतूद तशीच आहे, कारणाची नोंद नाही. मार्चची तीन तारीख उजाडली.

"मॅव्हिस ऑडीला विचार," ट्रेव्हर म्हणाला. "संगणकाच्या आधी या भागाची सगळी वेळापत्रकं तिच्या हातची. केबिनवाले थरथर कापायचे तिला. यॉर्कला असते."

"अजून आहेत त्या?"

"मरण तिच्याकडे आलं असेल, पण अर्धा मिनिट उशिरा आलं म्हणून तिने परत पाठवलं असेल."

मी फोन केला, लग्नानंतरचं आडनाव सांगितलं, आणि बाईंनी पाच तारखेला अकराला बोलावलं. "अकराला म्हणजे अकराला."

एक गोष्ट मी प्रबंधात लिहिली नव्हती. ती मी कुणाला सांगितलेलीही नव्हती. मी कर्कहोमच्या शाळेत जायचे तेव्हा सहा अठ्ठावन्न माझ्यासाठी केबिनपाशी थांबायची. तिथे फलाट नव्हता. बाबा मला उचलून गार्डच्या दारात ठेवायचे, दप्तर मागून फेकायचे, आणि गाडी निघायची. हा ड्रायव्हरांचा चांगुलपणा आहे, असं बाबांनी सांगितलं होतं. कार्यालयाला कळलं तर कुणाची तरी नोकरी जाईल, तेव्हा शाळेत बोलायचं नाही. आणि कर्कहोमला उतरल्यावर ड्रायव्हरच्या खिडकीशी जाऊन थँक्यू म्हणायचं. सात वर्षं मी दोन्ही पाळलं. पुढे मी त्याच गाडीवर गार्ड झाले तेव्हाही गाडी तिथे हळू व्हायची, आणि केबिनच्या खिडकीत बाबा चहाचा मग वर करून उभे असायचे. तोही ड्रायव्हरांचा चांगुलपणाच, असं मी धरून चालले होते. चोरून केलेली गोष्ट कागदावर कशी असेल? यॉर्कला जाताना गाडीत मी खचणाऱ्या जमिनीबद्दलचं प्रकरण वाचत होते.

मिसेस ऑडी चौऱ्याऐंशीच्या होत्या. हातात भिंग, टेबलावर पार्किन केकच्या चार वड्या, मोजून चारच.

"बस, पोरी. कुठली गाडी म्हणालीस?"

"सहा अठ्ठावन्न, गार्सबीहून. थॉर्नरिगच्या..."

"अगं, ती विल्फ एअरीची दोन मिनिटं!" त्यांनी भिंग टेबलावर आपटलं. "अजून आहेत?"

"अजून आहेत. फाटकासाठी दिली होती का?"

"फाटकासाठी कसली! पोरीसाठी. त्याची मुलगी कर्कहोमच्या शाळेत लागली होती. हिवाळ्यात थॉर्नरिगचा रस्ता बर्फाने बंद. दुसरे केबिनवाले काय करायचे? ड्रायव्हरला एक बिअर पाजायची, गाडी थांबवून घ्यायची. सगळे करायचे, आम्ही डोळे झाकायचो. हा बाबा मला पत्र लिहितो! म्हणे, माझ्यामुळे कुठल्या ड्रायव्हरला बोलणी बसायला नकोत, रीतसर वेळापत्रकात घाला." त्या हसायला लागल्या. "तीस वर्षांत असं पत्र दुसरं आलं नाही. म्हणून तर ठेवलंय."

उठून त्यांनी कपाटातून एक फाइल काढली. कागदावर बाबांचं अक्षर होतं, केबिनच्या वहीत असायचं तसं सरळ आणि दाबून लिहिलेलं. खाली एक तक्ता. गार्सबीच्या यार्डात उभ्या डब्यापाशी त्यांनी बारा वेळा चाचणी घेतली होती. मुलगी शाळेत असल्याने तिच्या वजनाचं बटाट्याचं पोतं वापरलं, अशी टीप होती. पोतं उचलून दारात ठेवायला सरासरी अठ्ठावीस सेकंद. हळू होणं आणि पुन्हा वेग घेणं धरून एकूण दोन मिनिटं पुरावीत. आपला नम्र, डब्ल्यू. एअरी.

"बटाट्याचं पोतं," मी म्हटलं. माझा आवाज ठीक होता.

"त्र्याण्णवमध्ये मीच फोन केला. म्हटलं, विल्फ, पोरीची शाळा संपली असेल, काढू का आता? म्हणाला, राहू द्या की बाई, ती सुट्टीला घरी येते. मग मी निवृत्त झाले." त्यांनी एक वडी माझ्याकडे सरकवली. "पुढे काय झालं त्या पोरीचं, कोण जाणे. पुस्तकातला किडा होती म्हणे."

"ती गार्ड झाली. त्याच गाडीवर."

मिसेस ऑडींनी भिंग उचललं आणि ते माझ्या तोंडासमोर धरून नीट बघितलं.

"नाक त्याचंच आहे," त्या म्हणाल्या. "कसा आहे तो?"

मी सांगितलं. त्यांनी भिंग खाली ठेवलं, पत्र घडी घालून पाकिटात घातलं आणि पाकीट माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, "आता काढ ती. काम झालंय त्यांचं. आणि मूळ कागद मला परत हवाय, छायाप्रत करून."

त्यानंतरचे दोन दिवस मी हवेत होते. आधीची सहा पानं फाडून टाकली. वीस सकाळींच्या नोंदी मी गाडीत बसून आधीच घेतल्या होत्या. त्या तक्त्यात घातल्या आणि शेजारी बाबांचा तक्ता लावला. त्यांची मांडणी माझ्याहून सुबक होती. कारणाच्या रकान्यात लिहिलं: 'एका विद्यार्थिनीला गाडीत चढवणे. गरज १९९३ मध्ये संपली.' हे वाक्य टाइप झाल्यावर मी ते बरंच वाचलं. सात तारखेच्या रात्री बारा वाजायला दहा मिनिटं असताना बटण दाबलं, एक प्रत लेनक्सबाईंना.

अर्ध्या तासात लेनक्सबाईंचा फोन. मंगळवार नसताना त्यांनी कधी फोन केला नव्हता.

"हेस्टर, बटाटे! अहो, बटाटे! याला म्हणतात पुरावा. हा विल्फ एअरी कोण? त्याची पद्धत तुमच्यापेक्षा चांगली आहे."

"माझे वडील," मी म्हटलं.

"मग तुम्हाला गुण द्यायचे की त्यांना, ते ठरवावं लागेल," त्या हळूच म्हणाल्या.

जूनमध्ये निकाल लागला आणि मला पहिला वर्ग मिळाला. ऑगस्टमध्ये नियोजन खात्याचं मंजुरीचं पत्र आलं. ते मी फलाटावर उभ्या उभ्या वाचलं आणि बर्निसला सांगितलं. ती म्हणाली, "डिसेंबरात बघू. कागदावर माझं वजनही कमी होतं दरवर्षी."

डिसेंबरातल्या त्या पहिल्या सोमवारी गार्सबीला बोचरी थंडी होती. गाडी सुटायच्या आधी मी ड्रायव्हरच्या खिडकीपाशी गेले. ट्रेव्हरच होता. त्याला सगळी हकीकत ठाऊक होती, एव्हाना ती सगळ्या डेपोला ठाऊक होती.

"प्रोफेसरबाई," तो रुळांकडे बघत म्हणाला, "थॉर्नरिगला घेऊ का हळू? आजच्या दिवस. पुढे भरून काढीन."

"नाही," मी म्हटलं. "एलरबी सात वीस. कर्कहोम सात छत्तीस."

"तुझ्या बापावर गेलीयस."

सहा अठ्ठावन्नला सुटलो. मी गाडीच्या मागच्या टोकाला, गार्डच्या जागेत घड्याळ हातात घेऊन उभी राहिले. सात चौदाला थॉर्नरिगचे दांडे खाली आलेले दिसले, लाल दिवा, थांबलेली एक दुधाची गाडी, आणि केबिनची फळ्या ठोकलेली खिडकी इतक्या झपाट्याने मागे गेली की तिच्याकडे बघायचं म्हणून वळले तोवर कुंपणं सुरू झाली होती. मी घड्याळ बघितलं. वेळ बरोबर होती. माझे डोळे भरले होते आणि मला हसू येत होतं.

एलरबीला बर्निस कॅनव्हासचे बूट घालून चढली आणि सवयीने दाराशी जाऊन उभी राहिली.

"बस की जरा," मी म्हटलं.

"विश्वास नाही माझा कुणावर."

कर्कहोमच्या फलाटावर चाकं थांबली तेव्हा वरच्या घड्याळात सात पस्तीस होऊन चाळीस सेकंद झाले होते. दारं उघडली. बर्निस जिन्याकडे पळाली, तीन पायऱ्या चढली, पलीकडे बघितलं. लीड्सची गाडी अजून आलीही नव्हती. मग ती खाली आली, बाकावर बसली, पिशवीतून चांगले बूट काढले आणि सावकाश नाड्या बांधल्या. तिच्यामागून उतरलेली नऊ माणसं जिना चढत होती. मी मोजली. कुणीच पळत नव्हतं.

"आता या उरलेल्या वेळाचं मी करू काय?" बर्निस ओरडली.

"चहा घे!"

फलाट रिकामा झाल्यावर मी गाडीच्या कडेने पुढे चालत गेले आणि ड्रायव्हरची खिडकी ठोठावली. ट्रेव्हरने काच खाली केली.

"थँक्यू," मी म्हटलं.

"कशाबद्दल?" तो म्हणाला. "आज तर मी थांबलोच नाही."