खदानीतलं नरसाळं

सिंदेवाहीजवळच्या बंद गिट्टीखदानीत सात पुरुष खोल पाणी होतं, आणि त्याच्या तळाशी इनायत मिस्त्रीचं इंजिन पडलं होतं. सोबत डिझेलचा ड्रम. उन्हाळी धानाला पाणी चढवायला त्यानंच ते बांबूच्या तराफ्यावर बसवलं होतं. सकाळी तराफा कलला आणि सगळं गडप झालं.

ड्रमला भोक पडलं असावं; आता तळातून तेल वर येत होतं, पाण्यावर रंगीत साय धरत होतं. याच पाण्यात वच्छलाबाईच्या ढिवर मंडळींनी पोसलेले मासे होते, होळीला विकायचे. इनायतच्या मदतीला आलेल्या लालसूनं दोनदा बुडी मारली, पण अर्ध्यातूनच कान धरून वर आला.

"खाली नुसता अंधार हाये, मिस्त्री."

म्हणून इनायतनं पत्र्याचं भलंमोठं नरसाळं केलं. ते उलटं करून ड्रमवर टेकवायचं आणि टोकाच्या नळीतून तेल वर पिंपात घ्यायचं. तेल पाण्याहून हलकं, आपोआप चढेल.

तेल वर येत होतं तिथं दोरीनं सोडलं तर ते बुडेचना.

"इनायतभाऊ, तुमचं इंजिन बुडते आन् पत्रा तरंगते," वच्छलाबाई म्हणाली. "उलटंच चाललं तुमचं."

आत हवा अडकली होती. दुमडलेली नळी सरळ केल्यावर ते फसफसत खाली गेलं. थोड्या वेळानं पिंपात डिझेल पडू लागलं. लालसूनं शीळ घातली.

मग नळीतून नुसतं पाणी आलं, आणि साय पुन्हा पसरायला लागली. इनायतला काही कळेना. नरसाळं तेच, जागा तीच. दोरी ओढून पाहिली तर सैल! खालची वस्तू आपणहून वर कशी आली? बऱ्याच वेळानं त्याला उमगलं. नळी बारीक होती. तेल जाई त्याहून जास्त आत साचे, आणि साचलेलं तेलच नरसाळ्याला उचलून कलतं करत होतं. जितकं तेल सापडे, तितकं ते निसटत होतं.

"धोंडे बांधा," लालसू म्हणाला.

"ड्रमवर आदळले तं भोक मोठं होईन," इनायत म्हणाला.

"मंग नका बांधू."

"नाई बांधले तं कलते."

"एक काईतरी बोला ना!" वच्छलाबाई ओरडली. "मासे माहे मरून राह्यले!"

शेवटी नरसाळ्याच्या काठाला सगळीकडून सारखे लहान धोंडे बांधले, जाड नळी लावली आणि ते हळूहळू सोडलं. तेल येत राहिलं. मग थांबलं. वरची साय त्यांनी धानाच्या तणसानं टिपून घेतली. नवी धरली नाही. ड्रम रिकामा झाला की नळी बुजली, हे इनायतला सांगता येईना.

मासे तर जिवंत होते. पण डिझेलचा वास मारणारा मासा घेणार कोण? वच्छलाबाईनं एक रोहू काढून तिथंच निखाऱ्यावर भाजला आणि तुकडा इनायतच्या हातावर ठेवला.

"वास येते वाटते," तो म्हणाला. मग पुन्हा चावून, "नाई येत वाटते."

"येते का नाई?"

"मले आता चहालेही डिझेलचाच वास येईन, बाई."

वच्छलाबाईला स्वतःच्या जिभेचाही भरवसा वाटेना. लालसूचं नाकही कामातून गेलं होतं. शेवटी मासा पळसाच्या पानात गुंडाळून तिघं गावात लालसूच्या आईकडे गेले. रुखमाबाई दिवसभर घरीच होती. तिला कोणी काही सांगितलं नाही. म्हातारी सावकाश चावत राहिली, आणि इनायत तिच्या तोंडाकडे पाहत उभा राहिला.

"कसा हाये?" वच्छलाबाईनं विचारलं.

"मीठ टाकाले काय झालतं तुमाले?" ती म्हणाली, आणि दुसरा तुकडा उचलला.