फरशीचा उतार

आपल्याच घरात राहायला भाडं भरायचं म्हणजे कमालच झाली! धाकटा भाऊ गाडीतून उतरेपर्यंत हेच पुटपुटत होता. पण ताई हट्टाला पेटली होती. हे दगडी शेतघर विकून जमाना झाला होता. नव्या मालकाने ते हौसेने दुरुस्त करून पाहुण्यांना भाड्याने द्यायला काढलं होतं. ताईने दोन दिवस अख्खं घर घेतलं आणि भावंडं, भावजया, पोरंबाळं अशी सगळ्यांची मोट बांधली. कारण एकच. आईला हल्ली काही आठवत नव्हतं. पोटच्या पोरीला ती ‘अहो बाई’ म्हणायची. निदान या भिंती बघून तरी ती आपल्याला ओळखेल, एकदा लेक म्हणून हाक मारेल, एवढीच ताईची आस होती.

घर मात्र नुसतं चकाचक! गोठ्यात पलंग, धान्याच्या खोलीत न्हाणीघर, चुलीच्या जागी काचेचं कपाट. दगड तेवढे जुने. ताई त्यांच्यावरून हात फिरवत राहिली. इथे बाबा टोपी अडकवायचे, इथे आपण दाटीवाटीने झोपायचो, असं ती आईला सांगत होती. आई सोफ्यावर पाहुण्यासारखी अंग चोरून बसली होती.

“छान आहे हो घर. कुणाचं?”

“आपलंच, आई!”

“असेल बाई. पण आता घरी कधी जायचं?”

दिवसभर हेच चाललं. शेवटी भाऊ वैतागला. “ताई, पुरे आता. उगाच तिच्या डोक्याला ताप.” ताईला ते फार लागलं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या गडबडीत स्वयंपाकघरातून भस्सकन पाणी ओतल्याचा आवाज आला. सगळे धावले. बघतात तर काय, आई पदर खोचून उभी, हातात रिकामी बादली आणि खोलीभर तळं! मागोमाग तिथला मॅनेजर आला. “अहो आजी, हे काय केलंत!”

“गप्प बस रे!” आई कडाडली. “कुठल्या मेल्याने माझ्या फरशीचा उतार मोडला? मला वाकायला लागू नये म्हणून ह्यांनी स्वतः बसवलीय ही फरशी. बादली ओतली की पाणी आपोआप त्या कोपऱ्यातून बाहेर!”

मॅनेजर चाचरत म्हणाला, “आम्ही ती सपाट करून घेतली.”

ताई पुढे झाली. किती वर्षांनी हा आवाज! याच आवाजाच्या धाकात ती वाढली होती.

“आई, ओळखलंस घर?”

“माझं घर मी नाही ओळखणार? वेडबीड लागलंय का?”

“आणि मला?”

आईने तिला नीट न्याहाळलं. राग निवळला. तिने ताईच्या हातात फडकं दिलं.

“तुम्ही कोण ते मागाहून सांगा. आधी एवढं पुसून घ्या बाई. माझी मुलगी येईल शाळेतून. पोरीला सरळ चालणं ठाऊकच नाही, धावतच येते. घसरून पडेल हो.”

भाऊ काही बोलणार, तोच ताईने त्याला हाताने थांबवलं. ती गुडघ्यांवर बसली. डोळ्यांना धार लागली होती, पण हात चालू होता.

“थोरली ना?” तिने विचारलं.

“हो. फार गुणाची आहे.” आई दारात जाऊन उभी राहिली. “आवरा, आवरा. वळणापर्यंत आली असेल.”

“झालंच,” म्हणत ताई भराभर पुसू लागली.