स्टॅगनरने फाडलेला फॉर्म

शुक्रवारी संध्याकाळी म्यूल स्प्रिंग्जमध्ये मरायलाही कुणाला सवड नसते, कारण शाळेची फुटबॉलची मॅच असते, चेंडू हातात धरून पळायच्या अमेरिकी फुटबॉलची. त्यातून ही मोसमातली पहिली. ऑगस्टचा शेवट, पारा चव्वेचाळीसवर, आणि अख्खं गाव मैदानात. वीज सोसायटीत आम्ही दोघंच उरलेलो. कंट्रोलच्या टेबलाशी ट्वायला आणि तिच्यासमोर ब्रिस्केटचा, म्हणजे धुरावर भाजलेल्या मांसाचा, पुडा सोडून बसलेला मी, लाइनमन. रेडिओवर मॅचच्या आधीचं भाषण चाललेलं.

भाषण क्लेबर्न स्टॅगनरचं. आमदारकीला उभा होता. गावाबाहेर पाइपातून गॅस पुढे ढकलणारं एक स्टेशन आहे, ते त्याचं. त्या गॅसवर पलीकडच्या तालुक्यातलं वीजघर चालतं, आणि त्या वीजघरावर आम्ही. त्याच्या प्रचारात मुद्दा एकच. सभेत सरकारी फॉर्म हातात धरायचा आणि टराटरा फाडायचा. टेक्सासात ह्याला टाळ्या पडतात.

"लोकहो," रेडिओ गरजला, "मी आहे तोवर या गावातले दिवे जाणार नाहीत!"

सात चाळीसला फोन वाजला. राज्याच्या कंट्रोलमधून होता. ऊन उतरलं, सौर वीज आटली, एसी मात्र घरोघर घरघरतायत. दहा मिनिटांत चार मेगावॅट खाली आणा.

आमच्याकडे फीडर, म्हणजे गावात वीज नेणाऱ्या मुख्य लाइनी, तीन. एकवर हॉस्पिटल. दोनवर मैदान. तीनवर बाकीचा पश्चिमेकडचा पसारा, आणि त्यातच ट्वायलाचे बाबा ओडेल. त्यांना चोवीस तास ऑक्सिजनचं मशीन. बॅटरी चाळीस मिनिटं, तीही नवी होती तेव्हा.

"दोन नंबर बंद कर," मी म्हटलं.

ट्वायलाने यादी माझ्यापुढे सरकवली. कधीच बंद करायचे नाहीत असे फीडर त्यात असतात. एक नंबर होता. दोन नंबरही होता! तो फॉर्म आमच्या मॅनेजरने, व्हर्लनसाहेबांनी स्वतः भरलेला. 'वीज गेल्यास कुणाच्या जिवाला धोका?' पुढे त्यांच्या अक्षरात लिहिलेलं, 'हो. कोचच्या.' आणि वर शिक्का मारून मंजूर.

"म्हणजे उरला तीन," ट्वायला म्हणाली. घरातल्या मशीनसाठी यादीत रकाना नसतो. एक पत्र येतं, की आपली सोय आपण बघा. तिने घरी फोन लावला. "बाबा, लाइट जाईल. मशीन बॅटरीवर घ्या. आणि उगीच उठू नका."

"मॅच रेडिओवर ऐकतोय गं, कुठं उठतोय?"

तिने सात पन्नासला तीन बंद केला.

"आपला जनरेटर टाकतो गाडीत आणि नेतो," मी उठलो.

"तो मैदानात आहे. स्टॅगनरच्या तंबूत. आइस टीचा बर्फ करतोय."

मी परत बसलो.

आठ वाजून पाच मिनिटांनी पुन्हा फोन. ह्या वेळी वीजघरातून, आणि माणूस रडकुंडीला आलेला. "गॅसचा दाब का पडतोय आमचा? स्टेशन बंद पडलंय का तुमच्याकडचं?"

आम्ही दोघांनी एकदमच नकाशाकडे पाहिलं. स्टॅगनरचं स्टेशन तीनवर होतं. पंप विजेवर चालणारे.

"ते यादीत नाही?" मी विचारलं.

"फॉर्मच आला नाही. दोनदा पाठवला होता मी." तिने रेडिओकडे पाहिलं. "तो सभेत फाडतो, ते कुठले फॉर्म असतात रे?"

म्हणजे वीज वाचवायला आम्ही गॅस तोडला होता, आणि आता गॅस नाही म्हणून वीज जाणार होती. वीजघर पडलं की हॉस्पिटलसकट सगळंच.

तेवढ्यात बाबांचा फोन. मागे मशीनची टीटी ऐकू येत होती. "पोरी, हे लाल दिवा दाखवतंय. अकरा मिनिटं म्हणतंय. मॅच तर आत्ता कुठं रंगात आलीय."

ट्वायलाने व्हर्लनसाहेबांना गाठलं. मागे ढोल, बँड, आरडाओरडा.

"साहेब, मैदान बंद करून तीन सुरू करते."

"वेडी झालीस का? गोलरेषेला दोन यार्ड राहिलेत फक्त! आणि तो यादीत आहे. यादीतला फीडर तोडलास तर उद्यापासून येऊ नकोस!"

"स्टॅगनरांचंच स्टेशन बंद आहे, साहेब."

"मग त्यांना मॅचनंतर सांगू!"

तिने फोन टेबलावर ठेवला, तसाच चालू. दोन बंद केला, तीन सुरू केला. फोनमधला बँड एका दणक्यात गप्प झाला.

रेडिओवाला बॅटरीवर होता. "लोकहो," तो म्हणाला, "चेंडू कुठं गेला ते देवाला ठाऊक."

ट्वायला दुसऱ्या फोनवरून घरी लावत होती. एक रिंग. दोन. पाच. नववीला उचलला. मागे मशीनची संथ फुसफुस. ती खुर्चीत मागे टेकली आणि डोळे पुसले. मी ब्रिस्केटकडे बघत राहिलो. दहा मिनिटांत वीजघराचा दाबही सावरला.

मैदानात पुढे काय झालं, ते रेडिओवर ऐकलं. अंधारात स्टॅगनर ओरडला, "पिकअप आणा रे!" दोनशे पिकअप कुंपणाला नाक लावून उभ्या राहिल्या, हेडलाइट लागले, आणि मॅच पुढे सुरू. सोमवारपर्यंत तो सगळीकडे सांगत सुटला, "दिवे मीच बंद करायला सांगितले. टेक्सासच्या माणसाला तारेची गरज नाही, हे दाखवायला!"

व्हर्लनसाहेब नोकरीवरून काढल्याचं पत्र टाइप करूनच आले होते. पण उमेदवाराच्या हुकमाने झालेल्या गोष्टीबद्दल काढणार कुणाला? पत्र त्यांनी खिशातच ठेवलं.

बुधवारी स्टॅगनरच्या ऑफिसातून पाकीट आलं. आत स्टेशनचा फॉर्म, चार तुकडे चिकटपट्टीने जोडलेले. ट्वायलाने यादीत स्टेशन चढवलं. मग मैदान खोडलं आणि त्या ओळीत बाबांचा पत्ता लिहिला.

"रकाना नाही त्याला," मी म्हटलं.

"आता आहे."

बाबा मात्र अजून तिच्याशी धड बोलत नाहीत. दोन यार्ड राहिले होते, म्हणतात.