चटईवरचे बूट

सहा वर्षांची कोझुए भूकंपापासून घरातही बूट घालूनच वावरत असे. झोपतही बूट घालूनच असे. तिचे आईवडील दूर शहरात कामाला होते. तात्पुरत्या वसाहतीतल्या या एका खोलीत तिला आजी आणि धाकटा काका तात्सुरो सांभाळत. आजी दिवसातून कितीदा तरी चटई पुसे, आणि पुसताना पातळ भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून श्वासही हळू घेई.

त्या सकाळी दिवंगत आजोबांसाठीच्या मासिक पाठाला भिक्षू आले होते. भूकंपात नातीला उचलून बाहेर ठेवल्यावर आजोबा पुन्हा घरात शिरले आणि कोसळलेल्या छपराखालीच राहिले. ते देव्हाऱ्यासाठी शिरले, असे सारे मानत.

"तात्सुरो, सांग रे तिला," आजी पुटपुटली. "भूतसुद्धा उंबऱ्यात जोडे काढून आत येतं!"

"असू द्या हो, आजी," भिक्षू म्हणाले. "बुद्ध माझा बेसूर आवाज सोसतो, त्याला बुटांचं काय!"

जमलेले नातलग हसले. ते हसू तात्सुरोला बोचले. त्याने कोझुएचा घोटा धरला, दोन्ही बूट ओढून काढले आणि दाराशी ठेवले. ती रडली नाही. पायांची बोटे दुमडून बसून राहिली.

पाठ मध्यावर आला, तोच भूकंपाचा इशारा देत सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले. जमीन थरथरली. तात्सुरो भानावर आला तेव्हा बाहेर बर्फात उभा होता. पायांत नुसते मोजे, आणि हात रिकामे. आत कोझुए त्याच्या शेजारीच बसली होती. तिला ओलांडून तो पळाला होता.

धक्का विरला. आत भिक्षूंनी पाठ पुन्हा सुरू केला. दारात कोझुए उभी राहिली. स्वतःचे बूट तिने घातले होते. त्याचे बूट छातीशी धरले होते.

"काका, हे घाल. आत नको येऊस."

"अगं, थांबलं ते."

"तरी नको. आजोबा माझेच बूट आणायला आत गेले होते. पाय गारठले, असं मीच म्हटलं होतं."

आतला पाठ थांबला. आजीच्या हातातली जपमाळ खाली पडल्याचा आवाज आला.

कोझुए बर्फात बसून त्याच्या नाड्या बांधू लागली. तिच्या डोक्यावरून हात फिरवावा, असे तात्सुरोला फार वाटले. पण मघाशी बूट ओढणारा तो हात काही केल्या उचलेना.